किनुएचा दगड

नागुसा नदीकाठ,
२५ ऑक्टोबर

प्रिय तोकुजी,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. पहिल्यांदा कागदावर चहा सांडला. दुसऱ्यांदा 'प्रिय' एवढं लिहिलं आणि हात जो थांबला तो जेवणाची वेळ झाली तरी हलेना. पण पत्राला सुरुवात लागते आणि मला दुसरी येत नाही. मी सातवीत शाळा सोडली हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शेजारच्या बाकावर तूच बसायचास. माझ्या वहीतली गणितं उतरवून मास्तरांची शाबासकी घ्यायचास तीही तूच. तेव्हा 'प्रिय' राहू दे. अक्षर वाईट आहे, ओळी उजवीकडे खाली घसरतात, ते चालवून घे. आणि हे सुनेकडून वाचून घेऊ नकोस. दिसत नसेल तर भिंग घे. साएको चांगली मुलगी आहे. यातलं जे तिला कळायचं ते तुझ्या तोंडून कळू दे.

ती दगड घेऊन आली त्याला आज एकोणीस दिवस झाले. सोबत चेस्टनटच्या वड्यांचा डबा होता, तुझ्याकडून. (माझे खालचे दात गेलेत. डबा शेजारी दिला.) रेशमी कापडाची गाठ सोडून तिनं दगड माझ्या बाकावर ठेवला आणि खालची अक्रोडाची बैठक दाखवली. आरपार चीर. तुझ्या दिवाणखान्यातल्या हीटरनं घात केला. लाकूड आहे ते, अडतीस वर्षं उबेला बसवलंस, कुठेतरी तडकणारच.

"काका," ती म्हणाली, "तीन नोव्हेंबरला प्रदर्शनात हा मधल्या चौथऱ्यावर ठेवायचाय. बाबांच्या दगडप्रेमी मंडळाला पन्नास वर्षं होतायत, टीव्हीवालेही यायचेत. बाबा म्हणालेत, होती तश्शीच बैठक करा."

मी विचारलं, "तश्शीच?"

"हो. म्हणाले, इसाकुला सांग, केसाचाही फरक नको. आणि हेही म्हणाले की तुमच्यासारखा कारागीर आता जिल्ह्यात उरला नाही."

तू माझी स्तुती केलीस की मी घरातल्या वस्तू मोजून घेतो. आजवर ज्या ज्या वेळी केलीस, त्या त्या वेळी माझं काहीतरी गेलंय. साएको गेल्यावर मी रक्तदाबाची गोळी घेतली. घेतली की नाही हे आठवेना, म्हणून आणखी अर्धी घेतली. मग बराच वेळ दगडासोबत आलेल्या पेटीचं झाकण पुढ्यात धरून बसलो. 'धुक्यातला डोंगर. नागुसा नदी. शोधणारा: हातानाका तोकुजी.' क्योतोच्या म्हाताऱ्या गुरुजींचं अक्षर, लाल शिक्का. काळी शाई अजून जशीच्या तशी. त्या शेवटच्या ओळीसाठी हे पत्र आहे. ती ओळ खोटी आहे. तो दगड माझ्या किनुएनं शोधला. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि तिसरं ज्याला माहीत होतं ते माणूस अकरा वर्षांपूर्वी गेलं. तीन तारखेला ती ओळ साऱ्या जिल्ह्यासमोर आणखी एकदा वाचली जाणार आहे. ती तशी वाचली जाऊ नये, एवढंच मला या वयात हवंय.

तू विसरला असशील. खोटं इतक्या वेळा सांगितलंस की आता तुलाही ती पहाट आठवत असेल. वर्तमानपत्रात तू सांगितली होतीस तशी: गुडघाभर पाणी, उगवता सूर्य आणि पायाला लागलेला डोंगर. कात्रण आहे माझ्याकडे. तेव्हा खरं काय झालं ते एकदा नीट वाच.

सप्टेंबरचं वादळ होऊन पूर ओसरला होता. पूर ओसरला की किनुए घरात थांबायची नाही. मांडीपर्यंत येणारे माझे रबरी बूट घालायची, त्यांत टाचेशी कापड कोंबायची, आणि मुळ्याची टोपली पाठीला लावून निघायची. मी पुलाजवळ उभा राहून ओरडायचो, "अगं, पाणी अजून गढूळ आहे, पाय सरकेल!" ती म्हणायची, "गढूळ आहे म्हणून तर. उद्यापर्यंत तुमचे मंडळवाले येतील." तिची शोधायची रीत मंडळवाल्यांसारखी नव्हती. तुम्ही लोक उभ्यानं बघता, आवडला की उचलता, उलटापालटा करता. ती आधी बांबूच्या काठीनं ठोकायची आणि ऐकायची. ठिसूळ दगड ठप्प वाजतो. नदीनं नीट घासलेला कठीण दगड खण्ण वाजतो, पाण्याखालूनही. मग ती उकिडवी बसायची, अगदी हनुवटी पाण्याला लागेपर्यंत, म्हणजे नजर दगडाच्या पायथ्याशी येईल. वरून बघितला तर दगड दगडच दिसतो, असं म्हणायची. तळ तर ती हातानं चाचपायचीच. कुणी कापून सपाट केलेला दगड तिला नुसत्या बोटांनी कळायचा, कितीही घासलेला असो. बाजारात विकायला आलेले दोन दगड तिनं असे डोळे मिटून नाकारले होते, त्यातला एक तुझ्या मंडळाच्या खजिनदाराचा.

तर त्या दिवशी ती अशीच हनुवटीभर पाण्यात बसली आणि उठेचना. माझा जीव वरखाली. मला पोहता येत नाही, तुला माहीत आहे. मी काठानं धावत गेलो तर ही हसतेय. "अहो," म्हणाली, "इकडे या, खाली वाका. हा बघा कसा वाकतो." निळसर काळा, कापराच्या वडीसारखा गुळगुळीत, वीतभर उंच. आणि खरंच वाकत होता. शिखर पुढे झुकलेलं, दोन्ही बाजूंच्या सोंडा पुढे आलेल्या, दारात आलेल्या पाहुण्यापुढे माणूस वाकतो तसा. ती त्याला शेवटपर्यंत नाव असं काही देऊ शकली नाही. 'आपला वाकणारा', एवढंच.

पाच वर्षं तो आमच्या मागच्या अंगणात फळीवर होता. ऊन, पाऊस, बर्फ. सकाळ-संध्याकाळ ती झारीनं पाणी घालायची आणि दर आठवड्याला त्याला थोडा फिरवायची, म्हणजे सगळीकडून सारखा रंग चढेल. नव्या दगडाला हे करावंच लागतं, तूही नव्या मुलांना हेच शिकवतोस. तुझ्या पुस्तिकेचं पान सहा. पण एक गोष्ट तुझ्या पुस्तिकेत नाही. ती म्हणायची, "ओला दगड सगळेच बघतात, ओला म्हटल्यावर गोटाही सुंदर दिसतो. वाळताना बघायला बसावं." आणि बसायची. शिखर आधी वाळायचं, मग सोंडा, मग उतार. सगळ्यात शेवटी डोंगराच्या पोटाशी, समोरच्या बाजूला, हाताच्या अंगठ्याएवढ्या उथळ जागेत पाणी राहायचं. डोंगर कोरडा आणि पायथ्याशी तळं. पाऊण तास टिकायचं ते. हे तिनं मला दाखवलं होतं, आणि मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

मग ती आठ दिवस माहेरी गेली. आई आजारी होती. आणि तू आलास. तुला दाराची घंटा वाजवायची सवय नव्हती, सरळ अंगणात. दगडापाशी थांबलास. त्या आठवड्यात तिनं तो फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. तू पाठ बघितलीस. पाठही वाईट नाही हो त्याची, एक गोल शांत डोंगर. तू मान हलवलीस आणि म्हणालास, "इसाकु, हा प्रदर्शनात पाहिजे."

मी म्हटलं, "हिचा आहे. मंडळात बायकांना घेत नाहीत."

"म्हणून तर सांगतोय. माझ्या नावावर मांडतो. प्रदर्शन झालं की आणून देतो. तुझ्या बायकोच्या दगडाचं कौतुक होईल, तुला नको आहे का?"

मी नको म्हणायला हवं होतं. निदान ती येईपर्यंत थांब, असं म्हणायला हवं होतं. पण माझ्याकडे येणारी बैठकांची सगळी कामं तुझ्या चिठ्ठीनं यायची. आणि मी असा आहे. कुणी मोठ्यानं बोललं की माझ्या तोंडून 'हो' निघतं. तू दगड गाडीत ठेवलास, माझ्याच टॉवेलात गुंडाळून. तो टॉवेलही परत आला नाही.

किनुए परत आली. फळीवर रिकामी जागा, दगडाच्या आकाराची कोरडी खूण. मी चाचरत सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "बरं. पण बैठक तुम्हीच करा. म्हणजे तो नीट बसेल."

बैठकीसाठी तू दगड आणलास तेव्हा सोबत पेटीही आणलीस. झाकण बघितलं आणि ती ओळ वाचली. मला अवघड अक्षरं वाचता येत नाहीत, पण तुझं नाव मला लहानपणापासून येतं. मी विचारलं, "हे काय रे?" तर तू कपाळाला हात लावलास. "काय करू सांग! क्योतोचे गुरुजी घरी आले, ताटात वाळूवर मांडलेला दगड बघितला, नाव दिलं आणि विचारलं, कुणी शोधला? तेवढी माणसं बसलेली. तोंडातून निघून गेलं. आता त्यांनी शिक्का मारलाय. त्यांच्या अक्षरावर रेघ ओढायची का? तू सांग." नाही ओढायची. आपल्यात कुणीही ओढणार नाही. झाकणावर गुरुजींचं अक्षर पडलं की दगडाचा जन्मदाखला झाला. तुला हे माहीत होतं, म्हणून तर तू आधी पेटी केलीस आणि मग माझ्याकडे आलास.

आता जे सांगतो ते तुला माहीत नाही. भिंग नीट धर.

काम अर्धं झालं तेव्हा मी तुला बघायला बोलावलं. दगड बाकावर ठेवला होता, पाठ तुझ्याकडे. मुद्दाम. मनात म्हटलं, हा जर 'हे तोंड नव्हे' म्हणाला, तर निदान नजर तरी आहे माणसाला, सोडून देऊ. तू डोळे बारीक केलेस, दोन पावलं मागे सरलास. "व्वा!" मी विचारलं, "तोकुजी, तोंड हेच ना?" आणि तू हसलास. "मग काय, ही शेपूट आहे? शोधला मी आणि मलाच विचारतोस!"

माझ्या कारखान्यात. माझ्या बायकोच्या घरात. आपण दोघंच असताना, जिथे खोटं बोलायची गरजही नव्हती.

मी म्हटलं, "तुझंच बरोबर." आणि बैठक तशीच पुरी केली. दगडाच्या बुडाची प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खळगा मी लाकडात असा उतरवला की तो दुसरीकडून बसूच नये. नक्षीचे पाय पुढे आले, साधी कड मागे गेली. फक्त पुढचं मागे होतं आणि मागचं पुढे. आयुष्यात इतकं चांगलं कोरीव काम मी आधी केलं नव्हतं, नंतरही नाही. अडतीस वर्षं तुझ्या दिवाणखान्यात तो डोंगर भिंतीपुढे वाकून उभा आहे आणि आल्यागेल्याला पाठ दाखवतोय.

कुणी ओळखेल ही भीती मला पहिली दोन-तीन वर्षं होती. झोप लागायची नाही. मग लक्षात आलं, ओळखणार कोण? दुसऱ्याचा दगड बैठकीतून उचलायचा नाही, फिरवायचा नाही, मागे जाऊन बघायचा नाही, हे आपण लेकरांनाही शिकवतो. त्याहून मोठा अपमान नाही. आणि तू स्वतः तर कधी पाणीही घातलं नाहीस. काचेच्या कपाटात ठेवलास, वरून मेण चोळलंस चमक यावी म्हणून. पाणी घातलं असतंस तर एका सकाळी ते तळं तुलाच दिसलं असतं.

दरवर्षी मी प्रदर्शनाला यायचो. तिकीट काढून. तुला वाटायचं जुना मित्र आला, तू लोकांना सांगायचास, "हा इसाकु, बैठक याची." मी कोपऱ्यातल्या बाकावर बसायचो आणि बघायचो. मोठमोठी माणसं दगडाच्या पाठीसमोर कमरेतून वाकायची. "काय गांभीर्य आहे!" एका वर्षी एक प्राध्यापक म्हणाले, "या डोंगरात एक अलिप्तपणा आहे." अलिप्त! पाठ फिरवलेला माणूस अलिप्तच दिसणार. तू मान डोलावलीस आणि पुढच्या वर्षी तुझ्या भाषणात तो शब्द आला. घरी येऊन मी एकट्यानं साके गरम करून प्यालो. सांगायला लाज वाटत नाही, त्या संध्याकाळी मी हसून हसून खोकलो. तोकुजी, माझ्या आयुष्यात सुख थोडं होतं आणि त्यातलं बरंचसं असलंच होतं.

पण पहिल्या वर्षीचं सांगायचं राहिलं. ते मी टाळत होतो.

पहिल्या वर्षी किनुए आली होती. चांगला राखी किमोनो नेसून, केस बांधून. पेटीवरचं नाव तिला मी आधीच सांगितलं होतं, कशीबशी हिंमत करून. ती म्हणाली होती, "नाव कुणाचंही असू दे हो. चार लोकांनी त्याला वाकताना बघितलं की झालं." ती रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली. ती दगडासमोर गेली आणि थोडी खाली बसली, पायथ्याशी नजर नेली. मी दारापाशी उभा होतो. तिची पाठच मला दिसत होती. मागचे लोक चुळबुळ करायला लागले तरी ती हलली नाही. मग उठली, वाकून नमस्कार केला, आणि बाहेर आली.

घरी आल्यावर चुलीपाशी उभी राहून म्हणाली, "एवढे मोठे गुरुजी, त्यांनी ते तोंड ठरवलंय. तुम्हीही तसंच बसवलंत. म्हणजे माझीच नजर खोटी."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य. 'नाही गं, मी मुद्दाम उलटा बसवलाय, तोकुजीवरच्या रागानं.' एवढंच. पण मला वाटलं, ती म्हणेल, रागासाठी तुम्हाला माझाच दगड मिळाला? मी म्हणालो, "भूक लागली." तिनं भात वाढला.

त्यानंतर ती नदीवर गेली नाही. पूर आले, ओसरले. माझे बूट दारामागे वाळून फाटले. फळीवर तिचे आणखी अकरा दगड होते, सगळे निवडक, त्यातले दोन तर आज कुठल्याही प्रदर्शनात मान मिळवतील. त्या हिवाळ्यात तिनं ते एकेक करून आत नेले आणि मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपांवर वजन म्हणून ठेवले. मी बघितलं. सत्तावीस वर्षं मी त्या दगडांखाली दबलेला मुळा खाल्ला. चांगला मुरायचा. शेजारीपाजारी कौतुक करायचे की किनुएबाईंच्या मुळ्याला पाणी फार छान सुटतं.

तेव्हा बघ, माझा सूड तुझ्यापर्यंत पोचलाच नाही. तुला अडतीस वर्षं कौतुक मिळालं. लागला तो तिला. नजर हीच एक गोष्ट तिच्याकडे होती, शाळा नाही, मंडळ नाही, आणि ती मी माझ्या हातानं पुसली. तू दगड चोरलास. तिचं दगड बघणं मी चोरलं. पण तू चोरला नसतास तर मला ते करायची वेळ आली नसती. म्हणून तुझा हिशेब वेगळा आहे आणि तो मी सोडलेला नाही.

साएको दगड ठेवून गेली त्या दिवशीच मी तो अंगणात नेला. कमरेत कळ आली, दोनदा टेकवावा लागला. मेण काढायला गरम पाणी, जुना मऊ ब्रश, चार दिवस. मग सकाळ-संध्याकाळ झारी. सुरुवातीला पाणी नुसतं घसरून जात होतं, जणू दगडाला ओळखच राहिली नव्हती. बाराव्या दिवशी पाणी धरलं. मी समोर बादली उलटी घालून बसलो. शिखर वाळलं. सोंडा वाळल्या. आणि ते तळं, तोकुजी, जसंच्या तसं. वरून एक पांढरा ढग त्यात गेला. मी ऐंशी वर्षांचा माणूस, शेजारची बाई कुंपणावरून विचारायला लागली, "आजोबा, काय झालं, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "डोळ्यांत धूर गेला." धूर कुठेच नव्हता.

नवी बैठक झालीय. तू म्हणाला होतास केसाचाही फरक नको. पूर्ण अर्धा वळसा फरक आहे. डोंगर आता समोर वाकतो. जुनी बैठक मी परवा आंघोळीच्या पाण्याखाली घातली. चांगलं वाळलेलं लाकूड, छान जळलं. तीन तारखेपर्यंत दुसरी बैठक कुणी करून देणार नाही, जिल्ह्यात दुसरा कारागीर उरला नाही, हे तुझंच म्हणणं. ताटात वाळूवर मांडीन म्हणशील, तर मांड. पण निमंत्रणपत्रिकेत फोटो छापून गेलाय, बैठकीसकट, पाठीकडून. सगळे विचारतीलच. आणि नव्या बैठकीवर मांडलास, तर विचारतील की अध्यक्षसाहेब, अडतीस वर्षं दगड उलटा का होता? नदीतून ज्यानं तो स्वतः उचलला, समोर बसून ज्यानं तो पहिल्यांदा बघितला, त्याला तोंड कुठलं आणि पाठ कुठली हे कळलं नाही? सांगशील इसाकुनं चूक केली. मग ते विचारतील, आणि तुम्हाला दिसली नाही? काय उत्तर देशील याचा मी एकोणीस दिवस विचार करतोय. मला एकही सापडलं नाही. तुझं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं असं मास्तर म्हणायचे, बघ तुला सापडतं का.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो, कारण साएको उद्या सकाळी दगड न्यायला येतेय आणि हे मी तिच्याच हाती देणार आहे, पाकीट चिकटवून. पौलोनियाच्या लाकडाची नवी पेटीही मी केलीय. जुनी माझ्याजवळ राहील, क्योतोच्या गुरुजींच्या अक्षराला मी हात लावणार नाही, त्यांना जे दाखवलं आणि सांगितलं ते त्यांनी लिहिलं. नव्या झाकणावर मी काही लिहिलेलं नाही. ते तू लिहायचंस, तुझ्या हातानं, मंडळाचा अध्यक्ष म्हणून, शिक्क्यासकट: शोधणारी, किनुए. तीन तारखेला दहा वाजता मी येईन आणि आधी झाकण वाचीन. तिचं नाव असेल तर लोक तुला विचारतील की इतकी वर्षं ते कुठे होतं. नसेल तर मी सगळं सांगेन. पण कोपऱ्यातल्या बाकावर या वेळी मी, नाव असो वा नसो, बसणार नाही, हेही ऐकून ठेव. तिथे उभा राहून मी सांगणार आहे की ती उलटी बैठक मी कोरली, जाणूनबुजून, आणि माझी बायको ती बघून घरी आली आणि पुन्हा नदीवर गेली नाही. ते ऐकल्यावर माझ्याकडे कुणी काम आणणार नाही. तुझ्याकडे कुणी दगड दाखवायला आणणार नाही. आपण दोघं एकाच दिवशी, एकाच खोलीत, सगळ्यांसमोर मान खाली घालू. शाळेत तुला शाबासकी मिळायची आणि मला छडी. या वेळी समान वाटणी होईल. माफी मागायला मात्र माझ्याकडे येऊ नकोस. जिनं ती द्यायला हवी होती ती आता नाही, आणि तिच्या वतीनं ती देण्याचा हक्क मला तर मुळीच नाही.

तुझाच,
इसाकु